गोधडीची बैठक

(१)

जुन्नर म्हटलें कीं इतिहासाच्या अभ्यासकाची दृष्टि आपोआप वर जाते. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले. लेण्याद्रि, तुळजा, मानमोडी ह्या डोंगरांतील लेणीं. नाणेघाटांतील राणी नागनिकेचा शिलालेख आणि घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण. हें सारें उंचावरचें आहे आणि दगडांतलें आहे. दगड टिकतो, म्हणून इतिहासांत दगडाचेंच बोलणें फार. त्याच्या खालोखाल कागद बोलतो. आणि जुन्नरी कागद तर एके काळीं महाराष्ट्राच्या दप्तरांत मानानें मिरवत असे. परंतु दगड आणि कागद ह्यांच्या पलीकडे माणसाच्या अंगाला रोज लागणारी तिसरी एक वस्तु आहे, ती म्हणजे कापड. तें झिजतें, विरतें, चिंधी होतें आणि शेवटीं चुलीजवळचें फडकें होऊन नाहींसें होतें. त्याचा इतिहास लिहिण्याची कोणास आठवण होत नाहीं.

ह्या विसरलेल्या कापडाची शेवटून दुसरी अवस्था म्हणजे गोधडी. जुन्नर आणि आंबेगांव ह्या दोन तालुक्यांत, कुकडी, मीना आणि घोड ह्या नद्यांच्या खोऱ्यांत, गोधडी नाहीं असें घर आजही विरळा. तरी आम्ही येथें लिहिणार आहों तें एकट्या गोधडीविषयीं नव्हे. गोधडी ही वस्तु आहे. ती जिच्यांतून निर्माण होते ती बायकांची बैठक ही एक संस्था आहे. वस्तु पेटींत ठेवतां येते, संस्था तशी ठेवतां येत नाहीं. ती बसणाऱ्या माणसांबरोबर बसते आणि उठणाऱ्या माणसांबरोबर उठते. ह्या बैठकींत जो एक आनंद होता, आणि कांहीं ठिकाणीं अद्यापि आहे, तो कशाचा होता, किती जुना होता, आणि तो गेला तर आपलें काय जाणार आहे, ह्या तीन प्रश्नांचा विचार करण्याचा आमचा हेतु आहे.

(२)

प्रथम शब्दांकडे पाहूं. संस्कृतांत ‘कंथा’ हा शब्द जुना आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत विरक्त पुरुषाच्या संपत्तीची यादी आहे. तींत फाटकी लंगोटी आणि तितकीच फाटकी कंथा ह्यांस मानाचें स्थान आहे. नाथपंथी जोग्याच्या वेषांतही कंथा आहेच. बंगाल्यांत तिचें ‘काँथा’ झालें, हिंदींत ‘गुदडी’ हा शब्द रूढ झाला, कर्नाटकांत ‘कौदी’ म्हणतात. मराठींत गोधडी आणि वाकळ हे दोन शब्द जोडीनें नांदत आले. मोल्सवर्थच्या कोशांत दोन्ही सांपडतात. तान्ह्या मुलासाठीं मऊ कापडाचें लहान शिवलें तर तें दुपटें. आमच्या ह्या भागांत ‘वाकळ’ म्हटलें कीं जाड, जड आणि बरीच वापरलेली असा कांहींसा भाव येतो. ‘गोधडी’ म्हटलें कीं तीच वस्तु, पण मायेनें उच्चारलेली.

ह्या शब्दांच्या पोटांत एक विरोध दडलेला आहे. जी कंथा संन्याशाच्या खांद्यावर वैराग्याची खूण होते, तीच गृहस्थाच्या घरीं प्रपंचाची खूण होते. संन्यासी चिंध्या जोडतो तो जगाशीं संबंध तुटला हें दाखविण्यासाठीं. गृहिणी चिंध्या जोडते ती कोणाचाही संबंध तुटूं नये म्हणून. गाडगे महाराजांस लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, कारण त्यांच्या अंगावर चिंध्यांचें वस्त्र असे. पण त्या महापुरुषानें ती गोधडी पांघरून जन्मभर दुसऱ्यांच्याच प्रपंचाची, धर्मशाळांची आणि शाळांची, चिंता वाहिली. विरक्ति आणि माया हे दोन्ही अर्थ एका वस्त्रांत कसे राहूं शकतात, ह्याचें तें मोठें उदाहरण होय. आणि हे दोन्ही अर्थ जुन्नरच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वीं एकत्र आलेले होते, असें आम्हांस वाटतें. तें कसें, हें आतां सांगतों.

(३)

जुन्नरच्या परिसरांत बौद्ध लेण्यांचीं खोदकामें दोनशेंच्या घरांत आहेत. इतकीं एका गांवाभोंवतीं हिंदुस्थानांत दुसरीकडे क्वचितच असतील. हीं लेणीं भिक्षूंस मुख्यतः लागत तीं पावसाळ्यासाठीं. एरवीं भिक्षूनें फिरतें राहावें, पण पावसाळ्याचे तीन महिने एका जागीं वास करावा, असा नियम होता. त्यालाच वर्षावास म्हणतात. ज्यानें नाणेघाटाच्या किंवा आहुप्याच्या बाजूचा श्रावणांतला पाऊस एकदां पाहिला आहे, त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाहीं.

वर्षावास संपला कीं ‘कठिन’ नांवाचा विधि होत असे. विनयपिटकांत त्याच्या उत्पत्तीची कथा आहे. पावा नगरीकडचे तीस भिक्षु बुद्धाच्या दर्शनास श्रावस्तीला निघाले. वाटेंत साकेतास पावसाळ्यानें त्यांस गांठलें. श्रावस्ती अवघी सहा योजनें राहिली होती, पण नियम मोडून पुढें जातां येईना. तीन महिने त्यांनीं तेथेंच मनांत हुरहुर घेऊन काढले. वर्षावास संपतांच ते चिखल तुडवीत निघाले आणि चिंब भिजलेल्या चीवरांनिशीं बुद्धासमोर येऊन उभे राहिले. त्यांची ती अवस्था पाहून बुद्धानें कठिनाची अनुज्ञा दिली. संघाला मिळालेलें कापड संघानें एकमतानें एका भिक्षूस द्यावें आणि त्याचें चीवर त्याच दिवशीं, सूर्य पुन्हां उगवण्याच्या आंत, तयार व्हावें. धुणें, बेतणें, शिवणें, रंगविणें हें सर्व एका दिवसांत. एकट्याच्या हातून हें होणारें नाहीं, म्हणून सर्वांनीं मिळून बसावें. आणि ज्यांस तें वस्त्र मिळत नाहीं त्यांनींही आनंदानें अनुमोदन द्यावें, म्हणजे त्या पुण्याचे ते वांटेकरी होतात. ‘कठिन’ हें नांव पडलें तें कापड ताणून बसविण्याच्या चौकटीवरून. नांव कठिन, पण त्यांतील भाव किती मृदु!

विनयग्रंथांत ह्या शिवणकामाचे बारीकसारीक तपशील आहेत, आणि ते वाचतांना आपण धर्मग्रंथ वाचतों आहों कीं एखाद्या घरची ओटी पाहतों आहों, असा संभ्रम पडतो. सुई बोटाला टोंचूं लागली म्हणून अंगुस्तान घालण्याची परवानगी मिळाली. कांहीं हौशी भिक्षूंनीं सोन्यारुप्याचीं अंगुस्तानें केलीं, तेव्हां तीं बंद झालीं. सुयांना गंज चढूं लागला म्हणून सुया ठेवण्याची नळी आली. ऊन-पाऊस लागूं नये म्हणून शिवण्यासाठीं वेगळा मंडप आला. धम्मपदाच्या अट्ठकथेंत तर अनिरुद्ध स्थविराच्या चीवराची एक गोड गोष्ट आहे. कापड पसरलें गेलें. एका टोंकाला महाकाश्यप बसले, मध्यें सारिपुत्र आणि दुसऱ्या टोंकाला आनंद. इतर भिक्षूंनीं सूत कांतलें, आणि सुईंत दोरा ओंवून देण्याचें काम प्रत्यक्ष बुद्धानें केलें. ज्या बैठकींत सुई ओंवणारा बुद्ध आणि टोंकाला बसणारा आनंद, तिला आम्ही गोधडीची बैठक म्हटलें तर कोणाही श्रद्धावंताचा अवमान होऊं नये.

चीवर हेंही तुकडे जोडूनच करावयाचें असे. एकदां दक्षिणगिरीच्या वाटेवर बुद्धानें मगध देशांतील बांधांनीं आंखलेलीं भातखाचरें आनंदाला दाखविलीं आणि भिक्षूंचें वस्त्र असें करतां येईल काय, म्हणून विचारलें. आनंदानें तसें तें बेतलें. जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिमेकडे आजही डोंगरउतारावर अशींच खाचरें दिसतात. तीं बांधण्याच्या कामाला तेथील महादेव कोळी ‘पडकई’ म्हणतात, आणि पडकई एकट्यानें होत नाहीं; आज माझ्या उतारावर सर्वांनीं यावें, उद्यां तुझ्या उतारावर सर्वांनीं जावें. खाचर, चीवर आणि गोधडी ह्या तिन्हींची आंखणी एक आणि तीं उभीं करण्याची रीतही एक, हें साम्य आम्हांस केवळ दिसण्यापुरतें वाटत नाहीं.

ह्या कापडाच्या मागें पैशाचा हिशेब कसा होता, तें नाशिकच्या लेण्यांत कोरलेलें आहे. क्षत्रप नहपान ह्याचा जांवई उषवदात ह्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव ठेविली. व्याज दरमहा शेंकडा एक. त्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावे, असें तो सांगतो. वाचकांनीं हिशेब करून पाहावा: दोन हजारांचें वर्षाचें व्याज २४०, आणि बारा गुणिले वीस तेही २४०. एक कार्षापण उरत नाहीं, एक कमी पडत नाहीं. त्याच नहपानाचा अमात्य अयम ह्याचा, वर्ष ४६ असा काल दिलेला लेख जुन्नरास मानमोडीच्या डोंगरांत आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणें एकाच राज्याखालचीं. जुन्नरच्या लेखांत बुरूड, कासार, धान्याचे व्यापारी ह्यांच्या श्रेण्या येतात. धान्यवाल्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि पाण्याचें टांकें दान दिलें आहे. लेण्याद्रीवर ज्या विहारांत आज गिरिजात्मज गणपति आहे, त्याला भोंवतीं वीस खोल्या आहेत, दोन बाजूंस सात-सात आणि मागें सहा. कठिनाचा नियम सर्व संघांस सारखाच होता. तेव्हां आश्विनांत पाऊस उघडल्यावर ह्या विस्तीर्ण, खांब नसलेल्या दालनांत कापड पसरून भिक्षु भोंवतीं बसले असतील, हें अनुमान धाडसाचें नाहीं. आज त्याच दालनांत दर्शनास येणाऱ्या शेंकडों बायका घटकाभर टेकतात. त्यांतल्या पुष्कळींच्या घरीं स्वतःच्या हातची गोधडी असते.

आम्ही कॉलेजांत इतिहास शिकवितों. नहपानाच्या लेखावर परीक्षेंत प्रश्न येतो. व्याजाचा दर विद्यार्थी बिनचूक सांगतात. त्या व्याजाचें कापड पुढें शिवलें कोणीं आणि शिवतांना ते कसे बसले, हा प्रश्न मात्र आजवर कोणत्याही प्रश्नपत्रिकेंत आम्हीं पाहिला नाहीं. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांत आम्हीही आहोंतच!

(४)

आतां डोंगरावरून खालीं गांवांत येऊं. गोधडीचा हंगाम म्हणजे सुगी आटोपल्यानंतरचे दिवस. शिवारांत काम नाहीं, आभाळांत ढग नाहीं, आणि पुढच्या पावसाळ्याची व थंडीची तयारी तर केली पाहिजे. दुपारचीं भांडीं झालीं कीं ओसरीवर किंवा मांडवाखालीं जागा झाडून घेतली जाते. जुनें नऊवारी लुगडें उलगडून खालीं पसरतात. त्यावर धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे बसवितात. कोठें उंच, कोठें सखल राहूं नये म्हणून हातानें चांचपून पाहतात. आणि वरून दुसरें लुगडें घालतात. कडा दुमडून घेतात, कोपऱ्यांवर वजन ठेवतात, आणि लांब टांक्यांनीं सगळें तात्पुरतें बांधून टाकतात. मग चोहों बाजूंनीं बायका बसतात. कडेपासून आंत आंत, धांवदोऱ्याच्या ओळीमागून ओळ. जसजशी शिवण आंत सरकते तसतशा बायकाही आंत सरकतात. आरंभीं एकमेकींपासून चार हात दूर असलेल्या शेवटीं गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या असतात. ह्या एका गोष्टींत त्या बैठकीचें सारें रहस्य आहे, असें आम्हांस वाटतें. काम संपतें तें माणसें जवळ आल्यावर.

थर मांडण्याचें काम घरांतल्या वडील बाईचें. कोणतें कापड अंगाला लागूं द्यावें आणि कोणतें पोटांत दडवावें, हें तिला कळतें. नवी सून पहिल्या वर्षीं कडेला बसते. तिचा टांका लांब पडला कीं आत्याबाई नुसत्या म्हणतात, “बाई, टांका दाट घाल. थंडीला वाट नको देऊंस.” एवढ्यांत शिकवणें आणि टोमणा दोन्ही येऊन जातात. जाणती बाई टांका पाहून सांगते, ही ओळ कोणाची. जसें आपण अक्षरावरून पत्र कोणाचें तें ओळखतों. ज्यांस कधीं सही करण्याचा प्रसंग आला नाहीं, अशा किती बायकांची सही ह्या गोधड्यांवर होऊन गेली असेल!

आणि बोलणें! हात गुंतलेले असले म्हणजे जीभ मोकळी होते. समोरासमोर बसून जें बोलवत नाहीं, तें खालीं मान घालून टांका घालतांना बोलवतें, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाहीं. माहेरची खबर, मुलीचें स्थळ, विहिरीचें आटलेलें पाणी, मुंबईला गेलेल्या धन्याचें न आलेलें पत्र, मेलेल्या लेकराची आठवण, हें सर्व त्या दुपारींत येतें. मध्येंच एखादी ओवी म्हणते, दुसरी तिला जोड देते. मध्येंच कोणी असें कांहीं बोलते कीं सगळ्याजणी सुया थांबवून हंसत सुटतात आणि ओसरीवरचा पुरुष निमूटपणें उठून पारावर जातो. रोजच्या कामांत बाईला एकटेपण असतें; चूल एकटीची, जातें फार तर दोघींचें. गोधडी ही अशी वस्तु आहे कीं तिच्यासाठीं आठ हात एका जागीं बसणें हें चैन ठरत नाहीं, काम ठरतें. घरांतून उठून शेजारणीकडे दुपार घालविण्यास जी परवानगी एरवीं मिळाली नसती, ती गोधडीनें मिळवून दिली. आज तुझी, उद्यां माझी, ही सावडीची रीत शेतांत पुरुषांनीं चालविली, तशीच ओसरीवर बायकांनीं चालविली.

ह्या चित्राला आम्ही सोनेरी मुलामा देऊं इच्छित नाहीं. बैठक ही बहुधा आपल्या आळीची, आपल्या भावकीची असे. आळी ओलांडून सुई सहसा जात नसे. गोधडी ही गरिबीची वस्तु होती, ह्यांतही शंका नाहीं. थंडीच्या रात्रीं एका वाकळेखालीं चार मुलें निजत, तेव्हां कडेच्या मुलाची पाठ उघडी राहत असे. ज्या बाईनें डोळे जातांना सुध्दां मजुरीनें दुसऱ्यांच्या गोधड्या शिवल्या, तिला बैठकीच्या आनंदाविषयीं विचारलें तर ती आपल्याकडे नवलानेंच पाहील. परंतु गरिबी होती म्हणून आनंद खोटा होता, असें म्हणणें हाही एक प्रकारचा अन्यायच. माणसांनीं आपल्या अडचणींतून जें कांहीं चांगलें निर्माण केलें, त्याचें श्रेय अडचणीला न देतां माणसांनाच दिलें पाहिजे.

(५)

एखादी जुनी गोधडी उसवून पाहिली तर तींत गेल्या शंभर वर्षांचा इतिहास थरांथरांनीं सांपडेल. सर्वांत आंत हातमागाचें जाडेंभरडें कापड. त्यावर गिरणीचें. मुंबईंत पहिली कापडगिरणी १८५४ सालीं काढण्यांत आली. पुढें घाटावरचीं हजारों माणसें, त्यांत जुन्नर-आंबेगांवचींही, त्या गिरण्यांत गेलीं. घरचा पुरुष ज्या मागावर राबत असे, त्या मागाचें लुगडें दिवाळीला घरीं येई आणि दहा वर्षांनीं त्याची गोधडी होई. मग परदेशी कापडाविरुद्धच्या लढ्याचा काळ आला. आंबेगांव तालुक्यांतील म्हाळुंगे पडवळ ह्या गांवचा बाबू गेनू हा गिरणीकामगार १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत काळबादेवीवर विलायती कापड भरलेल्या मोटारीसमोर आडवा झाला आणि तिच्याखालीं चिरडून मेला. ज्या खोऱ्यांतल्या बाया एकेक चिंधी जपून ठेवीत होत्या, त्याच खोऱ्यांतला तरुण कापडाच्या गठ्ठ्यांसमोर प्राण देतो, हा योग इतिहासानेंच जुळविला आहे. कापड कोणाचें, कोणीं विणलें आणि कोणाच्या अंगाला लागावें, हा प्रश्न त्या पिढीला किती जिव्हाळ्याचा होता!

त्यानंतरचा थर नायलॉन-पॉलिएस्टरचा. हा थर आला आणि गोधडीचें गणित बिघडलें. सुती कापड जसजसें जुनें होतें तसतसें मऊ होतें, घाम टिपतें आणि शेजारच्या थराला धरून राहतें. नवें कृत्रिम कापड झिजत नाहीं, टिपत नाहीं आणि थरावर थर ठरत नाहीं. नऊवारी जाऊन सहावारी आली. लुगडें जाऊन पातळ, पातळ जाऊन शर्टसलवार आली. १९८२ सालच्या जानेवारींत गिरण्यांचा संप सुरू झाला, पुष्कळ गिरण्या त्यांतून पुन्हां नीट उभ्या राहिल्याच नाहींत, आणि मुंबईहून येणाऱ्या कापडाचा तो जुना ओघ आटला. नारायणगांव, मंचर, ओतूर, घोडेगांव ह्या बाजारपेठांत यंत्रावरचीं रंगीबेरंगी ब्लँकेटें स्वस्त मिळूं लागलीं. कालव्याचें पाणी आलें, द्राक्षें, टोमॅटो, ऊंस आले, सुगीनंतरची ती मोकळी दुपारही गेली. ह्यांत वाईट कांहींच नाहीं. कडेच्या मुलाच्या पाठीवर आतां ब्लँकेट आलें, ही आनंदाचीच गोष्ट होय.

पण कांहीं गोष्टी अशाही गेल्या कीं ज्यांचा मोबदला कोणी दिला नाहीं. घोड नदीवर डिंभ्याला धरण झालें आणि ज्या गांवावरून तालुक्याला नांव मिळालें तें मूळ आंबेगांवच पाण्याखालीं गेलें. तालुक्याचें नांव राहिलें, गांव राहिलें नाहीं. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचें नांव दिलें आहे. गांव उठलें म्हणजे घरें दुसरीकडे बांधतां येतात. पण चार ओसऱ्यांचा जो शेजार असतो, तो सरकारी आंखणींत पुन्हां तसाच येईल असें नाहीं. ह्याच तालुक्यांत ३० जुलै २०१४ रोजीं पहांटे माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. अशा वेळीं गोधडीचें नांव काढणें हलकें वाटेल. तरी इतकें म्हणावेंसें वाटतें कीं एखादें गांव जातें तेव्हां त्याच्याबरोबर कोठल्याही दप्तरांत नोंद नसलेल्या किती बैठकी जातात, ह्याचा हिशेब कोणी करीत नाहीं.

(६)

जगाच्या पाठीवर इतरत्र काय घडलें, तें थोडक्यांत पाहूं. युरोपांत शिल्लक असलेल्या अतिप्राचीन गोधड्यांपैकीं एक चौदाव्या शतकांत सिसिलींत झालेली आहे. तिच्यावर ट्रिस्टनची वीरकथा टांक्यांनीं उठविलेली असून तिचा एक भाग लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे. अमेरिकेंत वसाहतींच्या काळापासून शेजारणींनीं एकत्र जमून गोधडी पुरी करण्याची चाल आहे. आपल्या सावडीचेंच तें भावंड. तेथील अलाबामा प्रांतांत १९६६ सालीं गरीब कृष्णवर्णीय बायकांनीं ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नांवाची सहकारी संस्था काढली आणि सुईवर स्वाभिमान मिळविला. १९८७ च्या ऑक्टोबरांत वॉशिंग्टनच्या मैदानावर एड्सनें गेलेल्या माणसांच्या नांवांची एक विशाल गोधडी अंथरली गेली. तींत १९२० तुकडे होते. सरकारनें न केलेला शोक तेथें लोकांनीं टांक्यांनीं केला.

आपल्या देशांत बंगालनें ह्या कामीं आघाडी मारली. गुरुसदय दत्तांनीं खेडोपाडीं हिंडून काँथा जमविल्या. १९२९ सालीं जसीमुद्दीन ह्या कवीचें ‘नक्शी काँथार माठ’ हें काव्य आलें आणि त्या कलेचें नांवच त्यावरून रूढ झालें. उत्तर कानड्यांतील यल्लापूर-हल्याळच्या बाजूस सिद्दी बायका कवंदी शिवतात, तिच्याकडेही आतां रसिकांचें लक्ष गेलें आहे. मराठी गोधडीला मात्र असा जसीमुद्दीन आणि असा गुरुसदय लाभला नाहीं. तिच्यावर चित्रें नसतात, कथा नसतात. कोठें एक चौकट, कोठें लुगड्याचा राहिलेला कांठ. ती प्रदर्शनासाठीं नव्हतीच. जी वस्तु वापरून संपविण्यासाठींच केली, ती संग्रहालयांत कशी सांपडावी?

पश्चिमेकडील एक गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. तेथें गोधडीची गरज केव्हांच संपली. घरें उबदार आहेत, पांघरुणें दुकानांत मिळतात. तरी देखील दरवर्षीं हजारों बायका, आणि थोडे पुरुषही, आपलीं यंत्रें आणि कापडाचे तुकडे घेऊन एखाद्या डोंगरावरच्या किंवा तळ्याकांठच्या घरीं तीन-चार दिवस एकत्र राहावयास जातात. स्वयंपाक दुसऱ्यावर सोंपवितात, रात्रीं उशिरांपर्यंत शिवतात, एकमेकींचे तुकडे बदलून घेतात, अर्धवट राहिलेलें काम पुरें करतात, आणि जातांना पुढच्या वर्षाचा दिवस ठरवून जातात. म्हणजे तेथें गरज गेली आणि संगत राहिली. आमच्याकडे मात्र गरज जातांना संगतीलाही बरोबर घेऊन चालली आहे. हा फरक कां पडावा?

आमच्या मतें त्याचें कारण असें. आम्हीं गोधडीकडे वस्तु म्हणून पाहिलें, आणि वस्तु म्हणून ती ब्लँकेटापुढें हरली, हें योग्यच झालें. बैठकीकडे आम्हीं कधीं पाहिलेंच नाहीं, कारण ती बायकांची होती आणि कामाच्या आडोशाला होती. बायकांनीं स्वतः सुध्दां ती मागितली नाहीं. त्यांनीं गोधडी मागितली आणि बैठक पदरांत पाडून घेतली. आतां तें निमित्त गेलें, आणि निमित्तावांचून एकत्र बसण्याचा हक्क सांगण्याची संवय आमच्या घरांनीं बायकांस लाविली नाहीं. शिकलेल्या, कमावत्या सुनेलाही दुपारभर मैत्रिणींत जाऊन बसावयाचें तर आजही कांहीं तरी काम सांगावें लागतें. खरें गमावलें आहे तें हें. लुगडें विरलें ह्याचें दुःख नाहीं, ओसरी रिकामी झाली ह्याचें आहे.

(७)

कोणी म्हणेल, शहरांत आतां यंत्रावर शिवलेल्या सुबक गोधड्या विकत मिळतात, परदेशींही जातात. मग गोधडी जगलीच कीं. त्या व्यवसायानें कित्येक बायकांच्या हातीं पैसा आला, ही चांगलीच गोष्ट आहे, आणि आम्ही तिचें मनापासून स्वागत करतों. पण विकत मिळते ती गोधडी. बैठक विकत मिळत नाहीं. ज्या गोधडींत आपल्या आजीच्या लुगड्याचा कांठ नाहीं आणि जिच्या टांक्यांत कोणा ओळखीच्या बाईचा हात नाहीं, ती ऊब देईल. आठवण देणार नाहीं.

तेव्हां करावें काय? सरकारनें अमुक करावें, विद्यापीठानें तमुक करावें, अशी यादी देण्याचा आमचा विचार नाहीं. एक लहानशी गोष्ट सुचवितों. नवरात्रापूर्वीं घरोघर अंथरुणें-पांघरुणें धुण्यासाठीं बाहेर निघतात. कुकडी-घोडेच्या कांठीं वाळत घातलेल्या गोधड्यांचे रंग त्या दिवसांत आजही दिसतात. त्या वेळीं घरांतल्या वडील बाईजवळ बसून एक गोधडी उलगडावी आणि विचारावें: हा तुकडा कोणाचा? हें लुगडें कोणत्या लग्नांतलें? ही ओळ कोणाच्या हातची? ज्या बायका शिवावयास बसल्या होत्या त्या आज कोठें आहेत? तीं उत्तरें वहींत उतरून ठेवावीं. जुन्नरचा इतिहास लिहिणाऱ्यास तीं कोणत्याही ताम्रपटाइतकीं उपयोगी पडतील. आणि उत्तरें लिहून झाल्यावर, उसवलेली एखादी कड दिसलीच, तर सुई आणावी. चौघींना हांक मारावी. कडेला नव्या सुनेबरोबर घरांतल्या मुलालाही बसवावें. ज्या डोंगरांत महाकाश्यप आणि सारिपुत्र ह्यांच्या पंथाचे पुरुष सुई घेऊन बसले, तेथें मुलग्याच्या हातीं सुई दिली म्हणून कोणी हंसण्याचें कारण नाहीं.

कठिनाच्या नियमांत एक बारकावा होता. वस्त्र एकालाच मिळे. पण ज्यानें ज्यानें टांका घातला आणि ज्यानें ज्यानें नुसतें ‘चांगलें झालें’ म्हटलें, त्या सर्वांस त्याचें पुण्य पोंचे. गोधडीही एकाच्याच अंगावर पडते. उब मात्र तिच्याभोंवतीं बसलेल्या सगळ्यांना आधींच मिळून गेलेली असते.